गुरू, हुन्नर, भांडवल आणि पहिले काम

तरुणांच्या सक्षमीकरणाची चर्चा दिल्लीत होवो, अदिस अबाबात होवो वा एखाद्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात होवो, तिच्यात तीन गोष्टी हमखास येतात. तरुणाला मार्गदर्शक हवा, त्याच्या हाती कौशल्य हवे आणि त्याला भांडवल सुलभपणे मिळायला हवे. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीच्या शिखर परिषदेत आफ्रिकी संघ ‘जी-२०’चा स्थायी सदस्य झाला, तेव्हापासून ही त्रिसूत्री आपल्याकडेही नव्या जोमाने ऐकू येते. त्यात नवल नाही. ज्या खंडातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या पंचविशीच्या आतली आहे, त्याचे आणि आपले दुखणे सारखेच आहे: शिकलेले हात पुष्कळ आणि त्यांना पुरेल इतके काम नाही.

त्रिसूत्री खरी आहे, पण अपुरी आहे. शासकीय सेवेतील वर्षे आणि त्यानंतरचे भिलाईतील वास्तव्य यांतून माझे हे मत पक्के होत गेले आहे. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असलेला, बँकेचे पात्रतेचे निकष पूर्ण करणारा आणि चार अनुभवी माणसांना विचारून पाऊल टाकणारा तरुणही अडून बसतो, कारण त्याला पहिले काम कोणी देत नाही. पहिली ऑर्डर मिळेपर्यंत त्याचे कौशल्य सिद्ध होत नाही आणि कौशल्य सिद्ध होईपर्यंत त्याला ऑर्डर मिळत नाही. हा फेरा तोडण्याची जबाबदारी आपल्या कोणत्याही योजनेने आजवर पूर्णपणे आपल्याकडे घेतलेली नाही. भिलाई हे शहर मात्र हा फेरा तोडूनच जन्माला आले, म्हणून त्याची कहाणी आज पुन्हा सांगण्याजोगी आहे.

एका कुंपणातली चार सूत्रे

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या दिवशी दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती आणि रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. मुंबई–हावडा लोहमार्गावरील दुर्गजवळच्या भातशेतीच्या गावांमध्ये कारखान्याची जागा ठरली. करारानंतर अवघ्या चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली.

या चार वर्षांकडे आपण सहसा भारत–सोव्हिएत मैत्रीचा अध्याय म्हणून पाहतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात दुसरे काही दिसते. एका तरुण देशाला त्या वेळी भांडवल, हुन्नर, गुरू आणि गिऱ्हाईक या चारही गोष्टी एकदम मिळाल्या होत्या. सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाचे होते आणि ते बारा वार्षिक हप्त्यांत फेडायचे होते. शेकडो भारतीय अभियंते आणि तंत्रज्ञ सोव्हिएत पोलाद कारखान्यांत शिकून आले. भिलाईत व्हेनियामिन दिमशित्स यांच्या नेतृत्वाखाली आलेले सोव्हिएत तज्ज्ञ भारतीय सहकाऱ्याला शेजारी उभे करून काम करीत. दिमशित्स पुढे सोव्हिएत संघाचे उपपंतप्रधान झाले, यावरून भिलाईला कोणत्या तोलामोलाची माणसे आली होती याची कल्पना येते. पहिला टप्पा १० लाख टनांचा होता. पुढे क्षमता २५ लाख आणि मग ४० लाख टनांवर गेली, तसतसा परदेशी तज्ज्ञांचा वाटा कमी होत गेला आणि भारतीयांचा वाढत गेला.

चौथी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. भिलाईत तयार होणारे रूळ भारतीय रेल्वे घेणार हे आरंभापासूनच ठरलेले होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत रेल्वेला, धरणांना, पुलांना आणि कारखान्यांना पोलाद हवेच होते. शिकाऊ हातांनी काढलेल्या पहिल्या मालाला बाजारात दारोदार फिरावे लागले नाही. काम अंगावर असल्यामुळे शिकणे थांबले नाही आणि शिकणे चालू राहिल्यामुळे काम सुधारत गेले. आजही भारतीय रेल्वेच्या रुळांचा प्रमुख पुरवठादार भिलाईच आहे.

अजाओकुटाचा उलटा दाखला

याच सोव्हिएत साहाय्याने आफ्रिकेत उभा राहिलेला एक कारखाना शेजारी ठेवला की फरक लख्ख दिसतो. नायजेरियातील कोगी राज्यात, नायजर नदीच्या काठी, अजाओकुटा येथे १९८० च्या आसपास पोलाद प्रकल्पाचे बांधकाम सुरू झाले. पहिला टप्पा १३ लाख टनांचा होता. तेलाच्या पैशामुळे देशाला भांडवलाची ददात नव्हती आणि तरुण नायजेरियन अभियंते परदेशांत शिकून आले होते. १९९४ पर्यंत ९८ टक्के काम पूर्ण झाल्याचे सांगितले गेले. मात्र त्या झोतभट्टीतून आजवर लोखंड वाहिलेले नाही.

कारणे अनेक आहेत. सरकारे बदलली, लष्करी राजवटी आल्या, सोव्हिएत संघ विसर्जित झाला, खर्च फुगत गेला. २००४ मध्ये एका भारतीय उद्योगसमूहाकडे प्रकल्प सोपवला गेला. २००८ मध्ये तो करारही मोडला आणि वाद लवादात गेला. पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. कारखान्याला खनिजाशी आणि बंदराशी जोडणारा इटाक्पे–वारी लोहमार्ग १९८० च्या दशकात हाती घेतला गेला आणि रीतसर सुरू झाला तो २०२० मध्ये. ज्या रस्त्याने कच्चा माल यायचा आणि तयार माल गिऱ्हाइकाकडे जायचा, तो रस्ताच नव्हता. यंत्रे होती आणि शिकलेली माणसेही होती; ती माणसे वर्षानुवर्षे बंद यंत्रांची देखभाल करत राहिली आणि त्यांच्या हातातला हुन्नर वापरावाचून गंजला. आफ्रिकी तरुणांच्या क्षमतेविषयी शंका घेणाऱ्यांनी अजाओकुटाकडे नीट पाहावे. तिथे तरुण कमी पडले नाहीत, त्यांच्या हाताला काम मिळाले नाही.

कोणी म्हणेल की ही राष्ट्रांच्या पातळीवरची उदाहरणे आहेत, एकट्या तरुणाला त्यांचा काय उपयोग? त्यासाठी महाराष्ट्रातलाच एक लहान दाखला देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. परदेशात ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे गुरू म्हणून लाभले आणि स्वदेशीच्या चळवळीने गिऱ्हाईक मिळवून दिले. तळेगावला शिकलेले कारागीर पुढे देशातील अनेक काच कारखान्यांत गेले. पैशापैशाने जमवलेले भांडवल, एक जाणता शिक्षक, हाताने शिकणारी मुले आणि देशी माल घेण्याचा निश्चय केलेले ग्राहक, असा तो मेळ होता. यातला ग्राहक वजा केला असता, तर पैसा फंड हा केवळ एक उदात्त वर्गणीचा उपक्रम ठरला असता.

कुंपणाबाहेरचे भिलाई

आता आजच्या भिलाईकडे येऊ. कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टरांमध्ये शाळा, रुग्णालय, मैदाने, झाडांच्या रांगा आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या कामगारांची मुले इथे एकत्र शिकली आणि अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांत चमकली. त्यांतली बरीचशी पुणे, बंगळुरू किंवा परदेशात गेली. कुंपणाबाहेर खुर्सीपार, सुपेला, पॉवर हाऊस, जामुल, हाथखोज अशी दुसरी भिलाई आहे. तिथे ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे नातू आहेत, ठेकेदाराकडे राबणाऱ्यांची मुले आहेत आणि नंदिनी रोडच्या दुतर्फा पत्र्याच्या छपराखाली लेथ चालवणारी पोरे आहेत.

या दोन भिलाईंमधील दरी नवी नाही. शंकर गुहा नियोगी बंगालमधून आले, कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात कामगार होते आणि पुढे दल्ली राजहराच्या खाणीतील ठेका मजुरांचे नेते झाले. भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कामगारांना कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मिळावे म्हणून त्यांनी लढा उभारला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत, झोपेत असताना, त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्या वर्षी १ जुलै रोजी पॉवर हाऊस रेल्वे स्थानकात लोहमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक जण मृत्युमुखी पडले. ‘नोकरी मागू नका, उद्योजक व्हा’ असे तरुणांना सांगणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास ध्यानात ठेवायला हवा. ज्याला वेतनाचा हक्क नाकारला गेला, त्याला उद्योजकतेचे व्याख्यान देणे ही क्रूर थट्टा ठरू शकते. मी पुढे जे मांडणार आहे ते कामगारांच्या हक्कांना पर्याय म्हणून मांडत नाही.

तरीही वस्तुस्थिती अशी की कारखान्यातील कायम नोकरी ही आता मोजक्यांच्याच वाट्याला येते. उत्पादन वाढले, आधुनिकीकरण झाले, ‘महामाया’ नावाची आठवी झोतभट्टी आली आणि जून २०१८ मध्ये विस्तारित कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. याच काळात कायम कामगारांची संख्या एके काळच्या निम्म्याहूनही बरीच खाली आली. नव्या यंत्रांना कमी माणसे लागतात. यात कोणाचा दोष नाही. परंतु वडिलांच्या जागी मुलगा लागेल हा दोन पिढ्यांचा भरवसा संपला आणि त्याची जागा घेणारे दुसरे काही उभे राहिले नाही.

तीन दरवाजे, तीन किल्ल्या

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यापासून आपल्याकडे कारखान्यात शिकण्याची कायदेशीर सोय आहे. १९७९ च्या ‘ट्रायसेम’ योजनेने ग्रामीण तरुणांचे प्रशिक्षण आणि कर्ज यांची सांगड घालून पाहिली. २ ऑक्टोबर १९९३ पासून पंतप्रधान रोजगार योजना आली. छत्तीसगढने तर २०१३ मध्ये तरुणांना कौशल्य विकासाचा अधिकार देणारा कायदा केला. १४ ते ४५ वयोगटातील व्यक्तीने मागणी केल्यापासून ९० दिवसांत प्रशिक्षण मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. एखाद्या राज्याने कौशल्याला अधिकाराचा दर्जा द्यावा, ही मोठी गोष्ट होती. २०१५ च्या मुद्रा योजनेने १० लाखांपर्यंत विनातारण कर्जाची वाट खुली केली. २०२४ मध्ये आधीचे कर्ज फेडणाऱ्यांसाठी ही मर्यादा २० लाखांवर गेली.

अडचण अशी की प्रत्येक योजनेचा दरवाजा वेगळा, किल्ली वेगळी आणि किल्ली सांभाळणारा अधिकारीही वेगळा आहे. जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या बैठकांना मी अनेक वर्षे बसलो आहे. अग्रणी बँकेचा प्रतिनिधी वार्षिक पतपुरवठा आराखड्याचे आकडे वाचतो, कौशल्य विभाग प्रशिक्षितांची संख्या सांगतो, उद्योग केंद्र मंजूर प्रकरणे मोजते. तिघांचेही उद्दिष्ट पूर्ण झालेले असते. मात्र पहिल्या यादीतील किती नावे दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीत आहेत, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. अग्रणी बँकेची कल्पना ज्यातून निघाली, तो १९६९ चा धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगट एका प्रदेशाच्या गरजा एकत्र पाहून पतपुरवठा करावा, असे सांगत होता. आपण तिचे आकडेवारीच्या तक्त्यात रूपांतर केले.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते एका तरुणाच्या उदाहरणावरून सांगतो. वडील ठेकेदाराकडे वेल्डर, मुलाने आयटीआयमधून टर्नरचा अभ्यासक्रम केला, एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून वर्ष काढले. नियमानुसार शिकाऊ उमेदवाराला नोकरी देणे कारखान्यावर बंधनकारक नसते. ती त्याला मिळाली नाही. आता तो दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये रोजावर लेथ चालवतो. हात चांगला आहे. त्याने केलेला शाफ्ट तपासणीत परत येत नाही, असे त्याचा मालकच सांगतो. त्याला जुना लेथ घेऊन स्वतःचे काम सुरू करायचे होते. बँकेत गेल्यावर विचारणा झाली, ‘ऑर्डर कुठे आहे?’ ऑर्डरसाठी एका खरेदी विभागात गेल्यावर विचारणा झाली, ‘यापूर्वी कोणाला पुरवठा केला आहे?’ दोन्ही प्रश्न नियमाला धरून होते. विचारणारे उद्धट नव्हते. दोन रास्त प्रश्नांच्या मध्ये एक तरुण दीड वर्ष उभा राहिला आणि मग त्याने विचार सोडून दिला. ‘साहेब, मला कर्ज नको होते. मला एकदा माझे काम तपासून घेणारा माणूस हवा होता,’ असे तो मला म्हणाला.

आणि असा माणूस त्याच्या घरापासून दोन किलोमीटरवर बसलेला असतो, हे या गोष्टीतील सर्वांत खेदजनक सत्य आहे. सकाळी भिलाईच्या कोणत्याही उद्यानात जा. रोलिंग मिलमध्ये तीस वर्षे काढलेले फोरमन, फाउंड्रीतले उस्ताद, तपासणी विभागातले निवृत्त अधिकारी रक्तदाबावर आणि राजकारणावर गप्पा मारत फेऱ्या घालताना दिसतील. ओतीव काम का नाकारले गेले, ड्रॉइंगमधली कोणती मर्यादा काटेकोर पाळायची आणि कोणती थोडी सैल चालते, कामाचा दर लावताना टूल झिजण्याचा खर्च कसा धरायचा, हे ज्ञान पुस्तकांत सापडत नाही. ते या माणसांच्या हाताबोटांत आहे आणि वर्षागणिक ते आपण स्मशानात पोचवीत आहोत. गावाच्या दुसऱ्या टोकाला कुटेलाभाठा येथे आयआयटी भिलाईचा परिसर आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या कायमस्वरूपी संकुलाचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. तिथे वित्तीय तंत्रज्ञानावर संशोधन करणारे केंद्रही आहे. म्हणजे गुरू, हुन्नर आणि पतपुरवठ्याचे शास्त्र ही तिन्ही एकाच शहरात नांदतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

केनिया काय करून पाहत आहे

आफ्रिकेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हे आपण सहजी मान्य करत नाही. १९६४ पासून ‘आयटेक’ कार्यक्रमाखाली आपण आफ्रिकी देशांतील अधिकाऱ्यांना आणि तंत्रज्ञांना प्रशिक्षण देत आलो आहोत. देणाऱ्याची भूमिका आपल्या अंगवळणी पडली आहे. नायजेरियातील टोनी एलुमेलू फाउंडेशनने २०१५ मध्ये दहा वर्षांत १०,००० आफ्रिकी उद्योजकांना हात देण्याचा कार्यक्रम सुरू केला. निवड झालेल्याला प्रशिक्षण, मार्गदर्शक आणि परत न करायचे ५,००० डॉलर एकाच कार्यक्रमातून मिळतात. तीन किल्ल्या एकाच जुडग्यात आल्या, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडेही १९९२ पासून भारतीय युवा शक्ती ट्रस्ट तरुण उद्योजकाला मार्गदर्शक जोडून देण्याचे काम करतो आहे. मात्र सरकारी योजनांनी तो धडा मनावर घेतला नाही.

केनियाने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. २०१३ पासून तिथे सरकारी खरेदीचा ३० टक्के हिस्सा तरुण, महिला आणि अपंग व्यक्तींच्या उद्योगांसाठी राखीव आहे. २००६ मध्ये स्थापन झालेल्या युवा उद्योग निधीकडून, हाती आलेल्या खरेदी आदेशाच्या आधारे कर्ज देण्याची सोयही केली गेली. म्हणजे आधी काम आणि त्या कामावर भांडवल, असा क्रम लावला गेला. अंमलबजावणीत उणिवा आहेत. देयके रखडतात आणि प्रस्थापित पुरवठादार तरुणांना पुढे करून मागून काम करतात, अशा तक्रारी तिथल्या चर्चेत वारंवार येतात. तरीही राज्यसंस्था ही केवळ प्रशिक्षण देणारी वा कर्जाला हमी देणारी नसून देशातील सर्वांत मोठी गिऱ्हाईक असते, हे केनियाने ओळखले.

आपल्याकडे या विचाराचा अर्धा भाग आधीच कायद्याच्या कक्षेत आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. पहिल्यांदाच पुरवठा करणाऱ्या तरुणासाठी मात्र त्यात वेगळी जागा नाही. निविदेतील अनुभवाची अट शिथिल करण्याची मुभा आहे, पण गुणवत्तेच्या जबाबदारीला भिणारा खरेदी अधिकारी ती सहसा वापरत नाही. मी त्याला दोष देणार नाही. नवख्याला काम दिले आणि बिघडले तर चौकशी त्याची होते, आणि न दिल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही.

चार बदल

माझ्या मते यासाठी नव्या योजनेची गरज नाही. असलेल्या चार गोष्टी एका सुतात ओवाव्या लागतील.

पहिली गोष्ट खरेदीची. भिलाईसारख्या प्रत्येक मोठ्या सार्वजनिक उपक्रमाने २५ टक्क्यांच्या आत एक लहानसा हिस्सा पहिल्यांदाच पुरवठा करणाऱ्या, तिशीच्या आतील आणि शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुणांसाठी ठेवावा. झोतभट्टीच्या नाजूक सुट्या भागांपासून सुरुवात करावी, असे कोणी म्हणणार नाही. बुश, पिन, जाळ्या, कठडे, पत्र्याची कामे अशा जिथे चूक झाली तरी जिवाला धोका नाही, तिथून आरंभ व्हावा.

दुसरी गोष्ट गुरूची. निवृत्त तंत्रज्ञांची जिल्हानिहाय सूची करून त्यांना मानधनावर अशा तरुणांशी जोडून द्यावे. त्यांनी कर्जाला जामीन राहू नये. माल पाठवण्यापूर्वी तपासून त्यावर सही करावी. खरेदी अधिकाऱ्याची भीती त्या सहीने कमी होईल. शिवाय दर महिन्याला वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष जाणाऱ्या उस्तादाला तिथे खरोखर तो तरुण काम करतो आहे की त्याच्या नावाआड दुसराच कोणी आहे, हेही कळेल. केनियातील बेनामी पुरवठ्याच्या दुखण्यावर याहून सोपा इलाज मला दिसत नाही.

तिसरी गोष्ट भांडवलाची. कर्ज खरेदी आदेशावर मिळावे आणि मालाचे पैसे थेट त्याच कर्जखात्यात जमा व्हावेत. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे देयक ४५ दिवसांच्या आत चुकते करणे बंधनकारक केले आहे. मोठ्या पुरवठादाराला उशीर झाला तर त्याचा नफा घटतो; नवख्याला उशीर झाला तर त्याचे दुकान बंद पडते. बिले वटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने मंच उभे राहिले आहेत, पण ते माल पोचून बिल मान्य झाल्यावर उपयोगी पडतात. लोखंडाची सळई विकत घ्यायला जे पैसे लागतात, ते त्याआधी लागतात.

चौथी गोष्ट मोजमापाची, आणि प्रशासनात राहिलेल्या माणसाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जे मोजले जाते तेच यंत्रणा करते. किती जणांना प्रमाणपत्र दिले आणि किती कर्जे वाटली, हे आकडे ठेवावेत. पण जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या पहिल्या पानावर एकच आकडा असावा: तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्यांपैकी किती उद्योग आज चालू आहेत. हा आकडा विचारायला सुरुवात झाली की बँक, प्रशिक्षण संस्था आणि खरेदीदार यांना एकमेकांशी बोलावेच लागेल.

आक्षेप येतील, आणि ते ऐकले पाहिजेत. राखीव हिस्सा म्हणजे गुणवत्तेशी तडजोड, असे म्हटले जाईल. पण तपासणीचा निकष कोणासाठीही बदलू नये, असेच मी सांगतो आहे. बदलायची आहे ती फक्त उंबरठ्यावरची अनुभवाची अट. प्रत्येक तरुण उद्योजक होऊ शकत नाही, हेही खरे. शंभरातील पाच-दहाच होतील. मात्र ते पाच-दहा जण प्रत्येकी तिघाचौघांना काम देतील आणि ती कामे देणारा माणूस स्वतः हाताने काम शिकलेला असेल. उरलेल्यांसाठी रास्त वेतनाची नोकरी आणि ठेका मजुरांचे हक्क हा स्वतंत्र आणि तितकाच तातडीचा विषय आहे.

गडचिरोलीच्या उंबरठ्यावर

हे सारे मराठी वाचकाने का लक्षात घ्यावे? कारण भिलाईच्या दक्षिण-पश्चिमेला, छत्तीसगढच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीत आज तोच इतिहास नव्याने लिहिला जातो आहे. सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागले आहे, कोनसरीला प्रकल्प उभा राहिला आहे आणि जिल्ह्याला पोलादाचे केंद्र बनवण्याचा निर्धार राज्य सरकार वारंवार बोलून दाखवते. १९५५ मध्ये दुर्गच्या भातशेतीकडे ज्या नजरेने पाहिले गेले, त्याच नजरेने आज चामोर्शी आणि एटापल्लीकडे पाहिले जात आहे.

फरक इतकाच की भिलाईचा कारखाना हजारो माणसांना पोटाशी धरणारा होता, आजचे कारखाने तसे नसतात. गडचिरोलीच्या माडिया आणि गोंड तरुणांपैकी थोड्यांनाच कुंपणाच्या आत नोकरी मिळेल. बाकीच्यांसाठी प्रशिक्षण केंद्रे निघतील, कर्ज मेळावे भरतील आणि मार्गदर्शनाची शिबिरे होतील. ती व्हायलाच हवीत. पण त्यांच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला पहिला कठडा, पहिली जाळी, पहिला बुश कोण विकत घेणार, हे कारखान्याच्या परवानगीच्या कागदावर आजच लिहून घेता येते. जमीन देताना, खाणपट्टा देताना आणि सवलती देताना सरकारच्या हाती जे वजन असते, ते चिमणी पेटल्यावर राहत नाही.

भिलाईत ती संधी एका पिढीला मिळाली आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या हातून निसटली. गडचिरोलीत परवानग्यांचे कागद अजून पूर्ण लिहून झालेले नाहीत.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)